'भोग' म्हणणारा रुग्ण आणि चरकाचे उत्तर

ग्रामीण भागात चिकित्सा करणाऱ्या वैद्याच्या कानावर दिवसातून एकदा तरी 'भोग', 'प्रारब्ध', 'संचित', 'मागल्या जन्मीचे देणे' यांपैकी एखादा शब्द पडतोच. सोयगाव हा आमचा तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत, मराठवाडा व खानदेश यांच्या सीमेवर वसलेला आहे. येथील कापूस वेचणारी, अक्षरओळख नसलेली वृद्धाही गुडघ्याच्या वेदनेविषयी बोलताना दर्शनशास्त्रातील पारिभाषिक संज्ञा सहज वापरून जाते. यात नवल वाटण्याचे कारण नाही. इ.स. १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. आमच्याच जिल्ह्यातील पैठणच्या एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली मराठी टीका १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केली; शिवाय भारुडे रचून त्यांनी वेदान्त जोशी, वासुदेव अशा गावोगाव फिरणाऱ्यांच्या तोंडी घातला. कीर्तन, पारायण आणि वारी यांच्या द्वारा सात शतके हे शब्द महाराष्ट्राच्या ओसरीवर मुरत आले आहेत. तत्त्वज्ञानाची परिभाषा इतक्या खोलवर रुजलेला समाज जगाच्या पाठीवर विरळाच असेल.

तथापि शब्द घरोघरी पोहोचला, अर्थ मात्र वाटेत आटला. संतांच्या वाणीत 'प्रारब्ध' हा शब्द मनाला धीर देण्यासाठी येतो. दवाखान्यात तो बहुधा औषध सोडण्यासाठी येतो. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाला जखम होते, ती चिघळते, आणि दुसऱ्या पंधरवड्यात तो येतच नाही. चौकशी केली असता घरचे सांगतात, "भोग आहेत डॉक्टरसाहेब, भोगूनच संपायचे." त्या पायाचे पुढे काय होते हे वाचक वैद्यांना सांगावयास नको. म्हणून हिंदू तत्त्वज्ञानाची सामान्य जनांस ओळख करून देण्याचे काम प्रवचनकारांवर सोपवून वैद्याने स्वस्थ बसावे, हे आम्हांस मान्य नाही. प्रस्तुत लेखात त्या तत्त्वज्ञानाची रूपरेषा थोडक्यात मांडून, रुग्णाच्या प्रकृतीशी प्रत्यक्ष निगडित असलेल्या कर्मसिद्धान्ताचा विचार काहीसा विस्ताराने करण्याचा आमचा हेतू आहे.

'दर्शन' म्हणजे पाहणे. सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, पूर्वमीमांसा व उत्तरमीमांसा अर्थात वेदान्त, या वेदप्रामाण्य मानणाऱ्या सहा दृष्टी. चार्वाक, जैन व बौद्ध या ते न मानणाऱ्या तीन. बीएएमएसच्या प्रथम वर्षास 'पदार्थविज्ञान' या विषयात हे सारे आपण शिकलो, परीक्षेत लिहिले, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते पुस्तक पुन्हा उघडले नाही. वास्तविक चरकाने दर्शने जशीच्या तशी घेतलेलीच नाहीत. ती त्याने दवाखान्यात आणून कामाला लावली. वैशेषिकांचे सहा पदार्थ त्याने स्वीकारले, पण क्रम बदलला आणि 'सामान्य' व 'विशेष' यांना अग्रस्थान दिले. वैशेषिकांच्या लेखी सामान्य म्हणजे जाती, अनेक गाईंतील गोत्व. चरकाच्या लेखी सामान्य म्हणजे वृद्धीचे कारण आणि विशेष म्हणजे ऱ्हासाचे कारण. रूक्ष वात स्निग्ध तैलाने शमतो, हे आपण रोज करतो ते चिकित्सासूत्र मुळात एक तात्त्विक विधान आहे. सांख्यांची प्रकृति-पुरुषाची मांडणीही त्याने अशीच वळवून घेतली; पुरुषाला अव्यक्तात सामावून पंचवीसऐवजी चोवीस तत्त्वे मोजली. सत्त्व, आत्मा व शरीर या तिघांच्या तिवईवर हा लोक उभा आहे असे तो म्हणतो तेव्हा वाद मिटवण्यात त्याला रस नसतो. रुग्ण म्हणजे नेमका कोण, हे त्याला निश्चित करावयाचे असते.

ही देवघेव एकतर्फी नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात योगशास्त्राचे चार विभाग समजावताना उपमा आली आहे ती आपल्या शास्त्राची: रोग, रोगाचे कारण, आरोग्य व औषध, तसेच संसार, संसाराचे कारण, मोक्ष व मोक्षाचा उपाय. उलट ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका आरंभीच सांगते की दुःखनिवारणाचे दृष्ट उपाय निश्चित व कायमचे नसतात, आणि या दृष्ट उपायांत टीकाकारांनी वैद्याचे औषध स्पष्टपणे गणले आहे. म्हणजे सांख्यदर्शनाचा प्रारंभच मुळी आपल्या मर्यादेपासून होतो. वैद्याने हे वाचून रागावण्याचे कारण नाही. बरा झालेला ज्वर पुन्हा येतो, हे आपल्याइतके कोणास ठाऊक आहे?

आता प्रमाणांकडे वळू, कारण पुढील सर्व विवेचनाची किल्ली तेथे आहे. एखादी गोष्ट खरी आहे हे कशावरून, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे प्रमाण. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात, तिस्रैषणीयात, चरकाने परीक्षेची चार साधने सांगितली आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. पैकी पहिली तीन इतर दर्शनांतही आढळतात. युक्तीला स्वतंत्र स्थान हे चरकाचे वैशिष्ट्य. अनेक कारणांच्या संयोगातून एक कार्य कसे सिद्ध होते हे पाहणारी बुद्धी म्हणजे युक्ती. त्यासाठी त्याने दिलेला दृष्टान्त आमच्या तालुक्यातील कोणत्याही शेतकऱ्यास समजावून सांगावा लागत नाही. पाणी, नांगरट, बीज आणि ऋतू यांच्या संयोगाने पीक येते. पाऊस आपल्या हाती नाही म्हणून नांगरट सोडणारा शेतकरी आम्ही अद्याप पाहिलेला नाही. कोरडवाहू कपाशी लावणारा मनुष्य मृगाच्या आधी रान तयार करतो, बियाणे आणून ठेवतो आणि मग आभाळाकडे पाहतो. मात्र हाच मनुष्य रुग्ण होऊन आपल्यासमोर बसला की चार कारणांपैकी हाती नसलेल्या एकाकडे बोट दाखवून उरलेली तीन सोडून देतो. त्याच अध्यायात, त्याच दृष्टान्तांच्या ओळीत, वैद्य, औषध, परिचारक व रुग्ण या चतुष्पादाच्या संयोगाने होणारे व्याधिनिवारणही चरकाने बसवले आहे, हे येथे विसरता कामा नये.

कर्मसिद्धान्ताविषयी चरकाचा सर्वांत रोखठोक विचार विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, जनपदोद्ध्वंसनीयात आढळतो. प्रसंग मोठा बोलका आहे. पांचाल देशी, कांपिल्य नगरीजवळ, गंगेच्या तीरावरील वनात उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यात भगवान पुनर्वसु आत्रेय शिष्यांसह विचरण करीत आहेत. ग्रह, नक्षत्रे, वायू व ऋतू यांची लक्षणे बिघडलेली पाहून ते जाणतात की संपूर्ण जनपद नष्ट करणारी साथ येणार. या साथीचे मूळ पुढे ते अधर्मात व प्रज्ञापराधात सांगतात. परंतु अग्निवेशाला त्यांनी आधी काय सांगितले? भूमी विरस होण्यापूर्वी, रस, वीर्य, विपाक व प्रभाव टिकून आहेत तोवर औषधी उपटून ठेवा. व्याधीचे मूळ अधर्मात आहे असे मानणारा आचार्य प्रथम औषधींचा साठा करावयास लावतो! या नियतकालिकाचे वाचक असलेल्या औषधालय चालकांनी हा अध्याय एकवार तरी मुळातून वाचावा.

त्यानंतर अग्निवेशाचा प्रश्न येतो: आयुष्याचे प्रमाण नियत असते की नसते? आत्रेयांचे उत्तर असे की आयुष्य दैव व पुरुषकार या दोहोंवर अवलंबून आहे. दैव म्हणजे पूर्वदेहात केलेले कर्म. पुरुषकार म्हणजे या देहात केलेले. दोन्ही शेवटी कर्मच. त्यांपैकी जे बलवान ते दुर्बलास मागे सारते. दुर्बल दैव पुरुषकाराने जिंकले जाते, आणि दैव बलवान असेल तर पुरुषकार हरतो. पुढे ते म्हणतात की सर्वांचे आयुष्य जर आधीच ठरलेले असते, तर दीर्घायुष्याची इच्छा करणाऱ्यांनी औषधी वापरण्याचे, हिंस्र पशूंपासून, पुरापासून, उग्र विषापासून दूर राहण्याचे काही प्रयोजनच उरले नसते. अकालमृत्यूसाठी त्यांनी गाड्याच्या आसाचा दृष्टान्त दिला आहे. उत्तम लाकडाचा आस नीट चालवला तर आपल्या काळाने झिजून संपतो. तोच आस अतिभार, खडबडीत वाट, फुटके चाक, वंगणाचा अभाव यांमुळे अर्ध्या वाटेत मोडतो. बैलगाडी हाकलेल्या पिढीपुढे हा दृष्टान्त ठेवला की 'भोग' या शब्दाला उत्तर देण्यासाठी निराळे पांडित्य लागत नाही. आताच्या तरुणांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे उदाहरण द्यावे, तेही चालते.

येथपर्यंत मार्ग सोपा आहे. मात्र चरकाची सोयीची वचने सांगून गैरसोयीची झाकणे हे शास्त्राशी इमान नव्हे. शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात असेही म्हटले आहे की कर्मज व्याधी चिकित्सेस दाद देत नाहीत आणि त्या कर्माचा क्षय झाल्यावरच शमतात. चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात कुष्ठाच्या हेतूंमध्ये विरुद्ध आहाराबरोबर पापकर्मही आले आहे. त्याच अध्यायाच्या अखेरीस श्वित्राच्या, म्हणजे कोडाच्या, कारणांत असत्य भाषण, कृतघ्नता, गुरुजनांचा अवमान, पापक्रिया आणि पूर्वकर्म यांची गणना आहे. हे वाचणे एक आणि कोड उठलेल्या मुलीच्या आईपुढे बसणे एक.

अशी एक माता काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आली होती. मुलगी बारावीत, कपाळावर व ओठांजवळ पांढरे डाग. आईने औषधाविषयी काहीही न विचारता प्रथम एवढेच विचारले, "डॉक्टरसाहेब, माझ्या लेकीनं असं काय पाप केलं हो?" मुलगी शेजारीच बसलेली होती आणि खाली पाहत होती. गावातील कोणीतरी जाणत्याने त्यांना 'शास्त्रात असे सांगितले आहे' म्हणून ऐकवले होते, आणि दुर्दैवाने शास्त्रात तसे खरोखरच लिहिलेले आहे.

अशा वेळी वैद्याने काय सांगावे? 'ते श्लोक जुने झाले' असे म्हणून सुटका होते, पण उत्तर मिळत नाही. ती माता श्लोकावरचा विश्वास सोडणार नाही, आपल्यावरचा सोडील. आमच्या मते येथे दर्शनशास्त्रच कामी येते. फळ आहे त्याअर्थी बीज होते, हे अनुमान चरकाने पुनर्जन्म सिद्ध करताना वापरले आहे; ते मान्य करू. परंतु हे अनुमान सर्वसाधारण आहे. या मुलीच्या या डागामागे अमुक एक कृत्य आहे, हे कोणत्या प्रमाणाने कळले? प्रत्यक्षाने नव्हे; पूर्वजन्म कोणीही डोळ्यांनी पाहिलेला नाही. अनुमानाने नव्हे, कारण श्वित्राचे हेतू ग्रंथात अनेक आहेत, त्यांत विरुद्धाहारही आहे, आणि एका कार्याला अनेक कारणे संभवत असताना त्यांतील एकच निवडणे हा तर्कदोष आहे. आप्तोपदेशानेही नव्हे, ग्रंथ हेतूंची यादी देतो, या मुलीचे नाव घेत नाही. युक्तीने तर मुळीच नव्हे. चारही प्रमाणे गप्प असताना जो बोट दाखवतो त्याचे बोलणे शास्त्र ठरत नाही. त्याला लोकापवाद म्हणावे.

कर्मज व्याधीच्या लक्षणाकडेही नीट पाहावे. तो चिकित्सेस दाद देत नाही, असे ते लक्षण आहे. मग यथाविधी, पुरेसा काळ चिकित्सा केल्यावाचून व्याधी कर्मज आहे असे कोणी म्हणावे तरी कसे? ज्याने औषध घेतलेच नाही त्याला हा शब्द वापरण्याचा अधिकार चरक देत नाही. आणि औषध देऊनही व्याधी हटला नाही, तरी वैद्याने प्रथम आपले निदान, द्रव्याची प्रत, मात्रा व पथ्य तपासावे. प्रारब्धाचा क्रमांक फार मागाहून येतो.

आम्ही त्या मातेला वरील सर्व काही सांगितले नाही, हे उघड आहे. आम्ही मुलीकडे पाहून सांगितले की त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराच्याच रक्षणयंत्रणेकडून नष्ट होतात असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते; हा रोग स्पर्शाने पसरत नाही; आणि कोणाच्या पापाचा हिशेब कोणालाही वाचता येत नाही, तो वाचतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. त्वचारोगतज्ज्ञांकडेही पाठवले. डाग काही ठिकाणी भरले, काही राहिले. मुलगी पुढे शिकली.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस आमच्या तालुक्यातील अजिंठ्याचे नेहमी स्मरण होते. इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक हरिषेणाच्या काळात रंगवल्या गेलेल्या सतराव्या लेण्याच्या ओसरीत भवचक्राचे चित्र आहे. बरेचसे झिजलेले असले तरी चाकाचे आरे व त्यांमधील माणसांची लगबग ओळखता येते. कर्म व पुनर्जन्म सामान्य जनांस समजावण्यासाठी ग्रंथाऐवजी भिंत वापरण्याचा हा प्रयत्न, आणि तोही वेद न मानणाऱ्यांचा. आत्मा नाकारूनही त्यांनी कर्म मानले, यावरून ही कल्पना या भूमीत किती सर्वसामान्य होती हे लक्षात येते. वैद्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे मात्र दुसरेच आहे. पाली संयुत्तनिकायात मोलियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की मनुष्य जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काहीजण म्हणतात. आपले मत काय? बुद्ध वेदनेची आठ कारणे मोजतात: पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतूतील बदल, विषम वर्तन, आघात आणि आठवे कर्मविपाक. सर्व काही पूर्वकर्मामुळेच म्हणणारे लोक स्वानुभवाला व लोकमान्य सत्याला ओलांडून जातात, असा त्यांचा निर्वाळा आहे. आठांत एक! आणि पहिली चार आपल्याच त्रिदोषांची. आस्तिक चरक व नास्तिक बौद्ध आत्म्याविषयी कडाडून भांडतात, पण रुग्णाच्या अंथरुणाशी आल्यावर दोघेही कर्माला सर्व कारणांचा मक्ता देण्यास तयार नाहीत.

अर्वाचीन काळात हा विषय मराठीत पुन्हा उभा केला तो लोकमान्यांनी. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यातील दहावे प्रकरण 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' याच विषयाला वाहिलेले आहे. ते कठीण आहे, पण पदार्थविज्ञान शिकलेल्या वैद्यास आवाक्याबाहेरचे नाही. आमच्या शेजारच्या खानदेशाने तर तत्त्वज्ञानाच्या प्रसाराचे दोन निरनिराळे मार्ग एका पिढीच्या आत पाहिले. १९१६ मध्ये प्रताप शेठजींच्या औदार्याने अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. तेथे मोठमोठ्या पंडितांनी वेदान्ताचा सूक्ष्म अभ्यास केला, त्याचे नियतकालिक निघाले, आणि ते सारे मुख्यतः इंग्रजीत. दुसरा मार्ग १९३२ चा, धुळ्याच्या तुरुंगातला. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबांनी सत्याग्रही कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर मराठीत प्रवचन केले आणि ते उतरवून घेतले साने गुरुजींनी, जे त्यापूर्वी अमळनेरच्याच शाळेत शिक्षक होते. विद्वत्तेच्या तराजूत अमळनेरचे पारडे कदाचित जड भरेल. गावोगावच्या घरांत पोहोचली ती मात्र धुळ्याची प्रवचने. श्रोता समोर बसलेला आहे, त्याला काहीतरी सोसावे लागत आहे आणि त्याला आपल्या बोलण्याचा आजच उपयोग हवा आहे, ही तुरुंगातील परिस्थिती दवाखान्यातील परिस्थितीहून फारशी वेगळी नाही.

औषधालय चालकांसाठी काही स्वतंत्र लिहिणे आवश्यक वाटते. आप्त कोण, याची चरकाने केलेली व्याख्या रज व तम यांपासून मुक्त असलेला, ज्याचे ज्ञान अबाधित आहे व जो असत्य बोलण्याचे कारणच ज्याच्यापाशी उरले नाही असा पुरुष, अशी आहे. दुकानाच्या दर्शनी भागात लावलेल्या जाहिरातीचा कर्ता या व्याख्येत बसतो काय, हे प्रत्येकाने पाहावे. अनेक व्याधी शर्तिया बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषध व जादूटोणाविषयक जाहिरातींच्या कायद्याने बंदी आहे हे आपण जाणतोच. पण कायदा नसता तरी प्रमाणशास्त्राने ती जाहिरात बादच केली असती. सर्पदंशाच्या बाबतीत तर बोलणेच खुंटते. विषचिकित्सेच्या चोवीस उपक्रमांत चरकाने मंत्र प्रथम गणला आहे हे खरे. पण उरलेले तेवीस उपक्रम त्यानेच सांगितले आहेत, आणि आज प्रतिविष लस हाताशी असताना रुग्णास गंडादोऱ्यापाशी अडवून धरणे हा २०१३ च्या महाराष्ट्र अधिनियमाने गुन्हा ठरवलेला आहे. कापसाच्या व मक्याच्या रानात पावसाळ्यात दंश होतात. अशा वेळी औषधालयाच्या फळीवर उभा असलेला मनुष्यच बहुधा पहिला सल्लागार असतो. त्याने वाहन बोलवावे व रुग्णालयाकडे धाडावे, दुसरे काही सुचवू नये.

आणखी एक गोष्ट औषधालय चालकास वैद्याच्याही आधी कळते. दरमहा चूर्ण, वटी किंवा मधुमेहाच्या गोळ्या नेणारे गिऱ्हाईक एका महिन्यात येत नाही. पैशाची अडचण, दुसऱ्या गावी जाणे, बरे वाटणे अशी कारणे असतात. पण पुष्कळदा कोणीतरी त्याला 'भोग' हा शब्द ऐकवलेला असतो. आमच्या परिचयाचे एक औषध विक्रेते अशी नावे वहीत खूण करून ठेवतात आणि बाजाराच्या दिवशी त्या गावचा मनुष्य भेटला की निरोप धाडतात. निरोपात तत्त्वज्ञान नसते. औषध तयार आहे, येऊन न्यावे, पैसे मागाहून दिले तरी चालतील, एवढेच असते. गेल्या पावसाळ्यात या वहीतील खुणांपैकी बरीच माणसे परत आली, असे ते सांगतात. ज्यांच्या पायाला जखम होती, त्यांना आम्ही त्याच दिवशी बांधणी करून पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.